पॅव्हेलियनची दोन दारे

‘वाचकांचे प्रश्न’ या सदराकडे या वेळी क्रिकेटविषयीची चार पत्रे आली आहेत. चारही बडोद्यातील आहेत, आणि पहिल्या पत्राचे उत्तर दिल्याशिवाय उरलेल्या तिघांना उत्तर देता येणार नाही असे दिसल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे आजोबा स्वातंत्र्यानंतर काही महिने इंग्लंडमध्ये होते. त्यांच्या ट्रंकेत लॉर्ड्स मैदानावर विकले जाणारे एक छापील धावपत्रक सापडले. त्यात काही खेळाडूंची आद्याक्षरे आडनावाच्या आधी आहेत, तर काहींची आडनावानंतर स्वल्पविराम देऊन छापली आहेत. एकाच संघातील नावांची छपाई अशी दोन तऱ्हांनी का असावी? ही जुळाऱ्याची चूक समजावी काय?
– एक निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार

उत्तर : चूक मुळीच नाही, जुळाऱ्याने फार जपून जुळवलेला तो मजकूर आहे. ज्यांची आद्याक्षरे आधी आहेत ते हौशी खेळाडू, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘जेंटलमन’, आणि ज्यांची नंतर आहेत ते पैसे घेऊन खेळणारे ‘प्लेअर’. इंग्लंडमधील प्रथम दर्जाच्या क्रिकेटपटूंची ही विभागणी १९६२ सालापर्यंत अधिकृतपणे अस्तित्वात होती. अनेक मैदानांवर दोन्ही वर्गांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत आणि पॅव्हेलियनमधून मैदानात उतरण्याची दारेही वेगळी असत, त्यामुळे एकाच संघाचे सलामीचे दोन फलंदाज दोन दारांतून निघून खेळपट्टीवर एकमेकांना भेटत आहेत असे दृश्य प्रेक्षकांना नित्याचेच वाटे. व्यावसायिकाने हौशी सहकाऱ्याला ‘मिस्टर’ म्हणायचे आणि हौशी खेळाडूने व्यावसायिकाला नुसत्या आडनावाने हाक मारायची, हा शिष्टाचारही त्यातलाच. मिडलसेक्सचा फिरकी गोलंदाज फ्रेड टिटमस तरुणपणी लॉर्ड्सवर खेळायला उतरला तेव्हा धावपत्रकात त्याची आद्याक्षरे चुकून आधी छापली गेली होती, आणि ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना विनंती करण्यात आली की त्यांनी ती आपल्या हातातील प्रतीत आडनावाच्या मागे नेऊन वाचावीत. हा किस्सा इंग्लंडमध्ये आजही हसत हसत सांगितला जातो. ज्याची आद्याक्षरे मागे नेली त्याला त्या दिवशी हसू आले असेल काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला माझ्या वाचनात नाही.

येथे आपल्या ‘हौशी’ या शब्दाने घोटाळा होण्याची शक्यता आहे. आपल्याकडे हौशी नाटक मंडळी म्हटले की कचेरी सुटल्यावर तालमीला जमणारे कारकून, शिक्षक आणि बँकेतील माणसे डोळ्यांसमोर येतात, आणि बडोद्यात तर अशा मंडळींची मोठी परंपरा आहे. इंग्लंडच्या क्रिकेटमधला हौशी तसा नव्हता. तेथे सामना तीन दिवस चाले आणि हंगाम एप्रिल-मेपासून सप्टेंबरपर्यंत. एवढा काळ पैसे न घेता खेळण्याइतकी ज्याची ऐपत आहे, तोच हौशी होऊ शके. म्हणजे त्या शब्दात हौसेपेक्षा ऐपतच अधिक होती, आणि ती ऐपत असलेली माणसे बहुधा ठरावीक शाळांतून आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजमधून येत. ‘जेंटलमन विरुद्ध प्लेअर’ हा सामना १८०६ पासून होत असे आणि तो मोठ्या प्रतिष्ठेचा मानला जाई. ऐपतीचा नियमसुद्धा सोयीने वाकवला जात होता, कारण इंग्लंडचे गाजलेले फलंदाज डब्ल्यू. जी. ग्रेस हे जन्मभर हौशी म्हणून खेळले, पण १८९५ साली त्यांच्या सन्मानासाठी झालेल्या वर्गण्यांतून सुमारे ९,००० पौंड जमले, आणि एवढी रक्कम त्या काळच्या कोणत्याही व्यावसायिकाला साऱ्या कारकिर्दीतही दिसत नसे.

आजोबांचे ते धावपत्रक जपून ठेवावे. ते लॅमिनेट मात्र करू नये. जुना कागद त्याने खराब होतो.

प्रश्न : आपल्या बडोद्याचे कसोटी खेळाडू दत्ताजीराव गायकवाड यांचे २०२४ साली निधन झाले तेव्हा वर्तमानपत्रांत १९५२ च्या लीड्स कसोटीचा उल्लेख आला होता, आणि त्याच सामन्यात लेन हटन हा ‘पहिला व्यावसायिक कर्णधार’ झाला असेही वाचले. उत्तम खेळाडू कर्णधार होणे यात बातमी काय? शिवाय हा सारा भेद आपल्याकडील जातिभेदासारखाच नव्हता काय?
– एक वाचक, रावपुरा

उत्तर : आपण दोन प्रश्न विचारले आहेत आणि दुसरा पहिल्यापेक्षा अवघड आहे.

इंग्लंडचा कर्णधार हा संघातील सर्वोत्तम खेळाडू असावा असा नियम तेथे नव्हता. तो सभ्य घराण्यातील असावा असा संकेत होता. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियाला गेलेल्या काही संघांचे नेतृत्व व्यावसायिकांनी केले होते, पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे जवळजवळ बंदच झाले. यॉर्कशायरचे लॉर्ड हॉक यांनी १९२५ साली जाहीर सभेत देवाकडे प्रार्थना केली की इंग्लंडचे कर्णधारपद कधीही व्यावसायिकाकडे न जावो. गंमत अशी की याच हॉक यांनी आपल्या व्यावसायिकांना हिवाळ्यातही पगार मिळावा अशी सोय केली होती. माणूस दुष्ट नव्हता, दयाळू मालक होता, आणि मालकाने नोकराला पगार द्यावा पण गादीवर बसवू नये, एवढेच त्याचे म्हणणे होते. या व्यवस्थेचे सर्वांत कठोर उदाहरण म्हणजे १९३२-३३ चा ऑस्ट्रेलियातील ‘बॉडीलाइन’ दौरा. शरीरवेधी गोलंदाजीचा बेत कर्णधार डग्लस जार्डिन यांचा. ते विंचेस्टर या नामांकित शाळेतून ऑक्सफर्डला गेलेले. तो बेत अमलात आणणारा हॅरल्ड लारवुड हा नॉटिंगहॅमशायरमधला, चौदाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत कामाला लागलेला. दौऱ्यानंतर माफी मागण्यास सांगण्यात आले ते लारवुडला. त्याने नकार दिला आणि तो पुन्हा कधीही इंग्लंडकडून खेळला नाही. जार्डिन मात्र पुढच्याच हिवाळ्यात कर्णधार म्हणून हिंदुस्थानात आले.

म्हणून १९५२ च्या जूनमध्ये लीड्सला जे घडले ती खरोखर बातमी होती. हटन हे यॉर्कशायरमधील साध्या कुटुंबातील, सरकारी शाळेत शिकलेले. १९३८ साली ३६४ धावांचा विक्रम करूनही कर्णधारपदासाठी त्यांना चौदा वर्षे थांबावे लागले. त्यांना नेमणाऱ्या निवड समितीचे अध्यक्ष होते नॉर्मन यार्डली, आणि हेच यार्डली हौशी असल्यामुळे यॉर्कशायरचे कर्णधार होते. म्हणजे देशाचा कर्णधार आपल्या काउंटीत, म्हणजे परगण्याच्या संघात, परत आला की पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली खेळे. हटन यॉर्कशायरचे कायम कर्णधार कधीच झाले नाहीत.

त्या सामन्याचा दुसरा भाग बडोदेकरांच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे, पण तो बहुधा अर्धवटच सांगितला जातो. दुसऱ्या डावात भारताचे चार गडी शून्य धावांवर बाद झाले, हे सर्वांना पाठ आहे. त्या चौघांत पहिलीच कसोटी खेळणारे आपले दत्ताजीराव होते, आणि माधव मंत्री व पहिल्या डावात १३३ धावा काढलेले विजय मांजरेकर हेही होते. चौघांपैकी तिघांना बाद करणारा फ्रेड ट्रूमन हा खाणकामगाराचा मुलगा; त्याचीही ती पहिलीच कसोटी, आणि तो तेव्हा हवाई दलात सक्तीची लष्करी सेवा करीत होता. त्या सामन्यात हटन यांच्याबरोबर नाणेफेकीला गेलेले भारताचे कर्णधार होते विजय हजारे, म्हणजे सांगलीच्या एका शाळामास्तरांचे चिरंजीव आणि बडोद्याचे खेळाडू. हजारे यांनी पहिल्या डावात ८९ आणि शून्यावर चार बाद झाल्यानंतर दुसऱ्या डावात ५६ धावा काढल्या. भारताचा १९३२ चा पहिला कसोटी दौरा पोरबंदरच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली निघाला होता. त्यांनी समंजसपणे कसोटीत बाजूला होऊन सी. के. नायडूंना जागा दिली. १९३६ साली विजयानगरमचे महाराजकुमार कर्णधार झाले आणि तेवढा समंजसपणा त्यांनी दाखवला नाही. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली तर लीड्सची ती नाणेफेक दोन्ही बाजूंनी नवी होती, असे माझे मत आहे. आपण फक्त हटन यांची बाजू वाचली.

याच सामन्यात विनू मंकड नव्हते, कारण त्यांनी लँकेशायर लीगमधील हॅसलिंग्डन क्लबशी करार केला होता. ही लीग म्हणजे गिरण्यांच्या गावांचे क्रिकेट. शनिवारी दुपारी काम सुटल्यावर कामगार तिकीट काढून सामना पाहत आणि वर्गणीतून एक नामवंत व्यावसायिक नेमत. मंकड पुढच्या लॉर्ड्स कसोटीत आले, त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि एका डावात ७३ षटके टाकली. लॉर्ड्स म्हणजेच इंग्लिश क्रिकेट असे ज्यांना वाटते त्यांनी हॅसलिंग्डनचे हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

हटन यांच्या नेमणुकीने भेद मिटला असेही नाही. १९५५ साली त्यांच्या जागी पीटर मे आले, ते चार्टरहाउस शाळेचे आणि केंब्रिजचे. त्यांच्यानंतर कॉलिन कौड्री, ते टनब्रिजचे; मग टेड डेक्स्टर, ते रॅडलीचे. या शेवटच्या दोन शाळांची नावे ध्यानात ठेवावीत, पुढील उत्तरात ती पुन्हा येणार आहेत. नोव्हेंबर १९६२ मध्ये हौशी ही वर्गवारीच रद्द झाली. त्याआधी सप्टेंबरमध्ये स्कारबरोला जेंटलमन आणि प्लेअर यांचा शेवटचा सामना झाला आणि तो प्लेअर संघाने जिंकला. त्यांचा कर्णधार होता फ्रेड ट्रूमन.

आता जातिभेदाविषयी. बाह्य साम्य इतके आहे की ते नाकारण्यात अर्थ नाही. पळवणकर बाळू हे चांभार समाजातील असामान्य डावखुरे गोलंदाज. पुण्याच्या हिंदू संघात ते मैदानावर इतरांच्या बरोबरीने खेळत, चेंडू सर्वांच्या हातून फिरे, पण चहाची वेळ झाली की त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले, म्हणजे हटन यांच्या एकोणतीस वर्षे आधी. हा आकडा पाहून कोणाला अभिमान वाटला तर मी अडवणार नाही, पण एक फरक सांगणे माझे काम आहे. वॉली हॅमंड हा कित्येक वर्षे व्यावसायिक म्हणून खेळला. पुढे त्याला एका टायर कंपनीत चांगली नोकरी मिळाली, त्याने यापुढे आपण हौशी म्हणून खेळू असे जाहीर केले, आणि १९३८ साली तो इंग्लंडचा कर्णधार झाला. माणूस तोच, बॅटही तीच, फक्त आद्याक्षरे आडनावाच्या आधी आली. पळवणकरांना असे कोणते जाहीर निवेदन करता आले असते? इंग्लंडचा भेद पैशाने ओलांडता येई. आपला येत नव्हता. त्यामुळे दोन्हींना एक म्हणणे मला पटत नाही.

प्रश्न : माझा भाचा लेस्टरला असतो. तो म्हणतो की आजही इंग्लंडच्या संघात निम्म्याहून अधिक मुले खाजगी शाळांतली असतात. हे खरे आहे काय? आणि ज्या शाळांत जनतेला प्रवेशच परवडत नाही त्यांना ते लोक ‘पब्लिक स्कूल’ का म्हणतात?
– एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे. जुन्या काळी श्रीमंत घरांतील मुले घरी शिक्षक ठेवून शिकत. त्याच्या तुलनेत ज्या शाळेत कोणत्याही गावचा मुलगा फी भरून येऊ शके ती ‘सार्वजनिक’. ईटनची स्थापना तर १४४० साली गरीब विद्यार्थ्यांसाठी झाली होती. पुढे शब्द राहिला आणि गरीब गेले. याच नमुन्यावर संस्थानिकांच्या मुलांसाठी राजकोटला राजकुमार कॉलेज निघाले, आणि रणजितसिंह तेथूनच केंब्रिजला गेले. उलट आपल्या सयाजीराव महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, १८९३ पासून अमरेलीत आणि १९०६ पासून साऱ्या राज्यात. खऱ्या अर्थाने पब्लिक स्कूल कोणती, हे वाचकांनीच ठरवावे.

आता आपल्या भाच्याचे म्हणणे. ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. इंग्लंडमध्ये साधारण ७ टक्के मुले खाजगी शाळांत शिकतात. २०१९ साली सटन ट्रस्ट ही शिक्षणातील विषमतेवर काम करणारी संस्था आणि तेथील सामाजिक गतिशीलता आयोग यांच्या पाहणीत पुरुष क्रिकेटपटूंपैकी ४३ टक्के आणि महिला क्रिकेटपटूंपैकी ३५ टक्के खाजगी शाळांतील निघाले. फुटबॉलपटूंत हे प्रमाण अवघे ५ टक्के होते. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानेच नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने सिंडी बट्स यांच्या अध्यक्षतेखाली जून २०२३ मध्ये अहवाल दिला. त्यात २०२१ साली इंग्लंडकडून खेळलेल्या पुरुषांपैकी ५८ टक्के खाजगी शाळांत शिकलेले असल्याचे नमूद आहे, आणि वंशभेद व स्त्रियांविषयीच्या भेदभावाबरोबरच वर्गभेदही या खेळात खोलवर आहे, असे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. मंडळाने त्यावर जाहीर माफी मागितली.

फुटबॉलशी तुलना केल्यावर कारण बरेचसे उलगडते. फुटबॉलला एक चेंडू आणि मोकळी जागा पुरते. क्रिकेटला खेळपट्टी लागते. तिथले हवामान असे की गवताच्या खेळपट्टीवर रोज कोणीतरी राबावे लागते, रोलर लागतो, ओल झाकायला आच्छादन लागते, आणि हे सारे करणाऱ्या माणसाला पगार द्यावा लागतो. मोठ्या खाजगी शाळांत असा ग्राउंड्समन असतो, बंदिस्त नेट्स असतात आणि मुलांना शिकवायला निवृत्त काउंटी खेळाडू असतो. सरकारी शाळांपैकी अनेकींनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मैदाने विकली. १९८०च्या दशकाच्या मध्यास शिक्षकांचा वेतनासाठीचा दीर्घ संघर्ष झाला, आणि शाळा सुटल्यावर बिनमोबदला सामने घेण्याची शिक्षकांची जी जुनी पद्धत होती ती त्यात मोडली ती पुन्हा नीट सावरली नाही. त्यातच उन्हाळी सत्र आखूड, परीक्षा मे-जूनमध्ये, आणि जुलैत शाळा बंद. ज्या शाळेत वसतिगृह आहे तेथे मुलगा संध्याकाळी सातपर्यंत मैदानावर असतो. ज्या शाळेची घंटा तीनला वाजते तेथे तो घरी जातो.

दुसरे कारण दूरचित्रवाणीचे. २००५ ची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया ॲशेस मालिका चॅनेल फोरवर कोणालाही फुकट दिसत होती आणि साऱ्या देशाला तिने वेड लावले. २००६ पासून कसोटी सामने पैसे भरून घेण्याच्या स्काय वाहिनीवर गेले. मंडळाला त्यातून मोठे उत्पन्न मिळाले आणि त्याचा काही भाग खेळाच्या प्रसाराला लागला, हे मान्य केले पाहिजे; पण ज्या घरात ती वाहिनी नाही आणि ज्या शाळेत मैदान नाही तेथल्या मुलाला हा खेळ अस्तित्वात आहे हे कळायचे कसे? २०१९ चा विश्वचषकाचा अंतिम सामना चॅनेल फोरवर दाखवण्यात आला, तेव्हा कित्येक मुलांनी आपल्या देशाचा संघ प्रथमच थेट पाहिला असेल.

तिसरे कारण फार कमी वेळा सांगितले जाते, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. खाजगी शाळा फक्त आपल्याकडची मुले घडवत नाहीत. बाहेर चमकलेली मुले त्या शिष्यवृत्ती देऊन उचलतात. ज्यो रूट शेफील्डच्या सरकारी शाळेत होता. पुढे तो शिष्यवृत्तीवर वर्कसॉप कॉलेजात गेला. हॅरी ब्रूक असाच सेडबर्ग शाळेत गेला. काही लोक म्हणतात की अशा मुलांना ५८ टक्क्यांत मोजणे अन्यायाचे आहे, कारण ती श्रीमंत नव्हती. मला हा युक्तिवाद उलटा वाटतो. रूटसारख्या मुलालाही त्या फाटकातून आत जावे लागते, यावरूनच फाटकाचे वजन कळते. ज्या मुलावर तेराव्या-चौदाव्या वर्षी कोणाचीच नजर पडली नाही, तो पुढे मोजणीत येतच नाही.

फलंदाजी आणि गोलंदाजी यांतला फरकही पाहण्यासारखा आहे. जुन्या काळी हौशी बहुधा फलंदाजी करीत आणि घाम गाळण्याची गोलंदाजी व्यावसायिकांकडे असे. खाणीच्या तोंडाशी उभे राहून हाक मारली की एक वेगवान गोलंदाज वर येतो, अशी तिकडे म्हणच होती. अलीकडच्या खेळाडूंच्या यादीत हे जुने चित्र पुसटसे पुन्हा दिसते. जेम्स अँडरसन बर्नलीचा, अँड्र्यू फ्लिंटॉफ प्रेस्टनचा, मार्क वुड खाणींच्या ॲशिंग्टन गावचा, आणि तिघेही सरकारी शाळांतले. फलंदाजांत मात्र अँड्र्यू स्ट्रॉस रॅडलीचा, ॲलिस्टर कुक बेडफर्डचा, जोस बटलर टॉन्टनच्या किंग्ज कॉलेजचा, ऑली पोप क्रॅनलीचा, झॅक क्रॉली टनब्रिजचा. डेक्स्टर रॅडलीचे आणि कौड्री टनब्रिजचे होते, हे आपण वर पाहिलेच. वेगवान गोलंदाज स्टुअर्ट ब्रॉड ओकम या खाजगी शाळेत शिकला, तेव्हा याला अपवाद नाहीत असे नव्हे. परंतु फलंदाजी हजारो चेंडू खेळून येते आणि ते चेंडू टाकायला कोणी तरी, कोठे तरी, पगारावर उभे असावे लागते. २००९ पासून २०२२ पर्यंत स्ट्रॉस, कुक आणि रूट हे एकामागून एक कसोटी कर्णधार झाले. त्यांच्यानंतरचा बेन स्टोक्स कॉकरमथच्या सरकारी शाळेतला.

आपला भाचा लेस्टरला आहे म्हणून एक गोष्ट जोडतो. तेथील क्लबांत रविवारी खेळणाऱ्यांत भारतीय उपखंडातील घरांची मुले फार मोठ्या संख्येने दिसतात, पण काउंटीच्या करारापर्यंत पोहोचणारी त्या मानाने थोडीच. काउंटीच्या वयोगटांतील निवड, त्यासाठीचे शिकवणीचे पैसे, आठवड्यातून तीनदा चाळीस मैल गाडी चालवू शकणारा पालक, या साऱ्या गाळण्या आहेत, आणि वर्ग व वंश त्यांत एकमेकांत मिसळलेले आहेत. ही वाट पालकांना खर्चाविना खुली व्हावी, अशी शिफारस आयोगाच्या ४४ शिफारशींत आहे. ईटन-हॅरो हा १८०५ पासूनचा शालेय सामना आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजचा सामना लॉर्ड्सवर खेळवणे थांबवावे, हीसुद्धा एक शिफारस होती. लॉर्ड्सची मालकी असलेल्या मेरिलबोन क्लबने हे दोन्ही सामने हलवण्याचा निर्णय त्याआधीच, २०२२ साली घेतला होता. सभासदांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि ते निदान २०२७ पर्यंत तेथेच ठेवायचे ठरले. शाळकरी मुलांचा एक सामना जागेवरून हलवायला एवढे अवघड जाते, यातच बरेच काही आले.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा अकादमीत जातो. ओळखीचे लोक सांगतात की आता आपल्याकडेही मोठ्या फीच्या शाळेशिवाय क्रिकेटमध्ये पुढे जाता येत नाही, म्हणून त्याला शाळा बदलून द्या. त्या शाळेचे स्वतःचे गवताचे मैदान आहे. इंग्लंडसारखेच येथेही होत आहे काय?
– एक आई, मांजलपूर

उत्तर : ताई, आपल्याकडचा इतिहास वेगळ्या वाटेने आला आहे, म्हणून इंग्लंडचा आकडा जसाच्या तसा येथे लावू नये. आपल्या शहरात मैदान राजवाड्याने दिले. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातील मोतीबाग आपण पाहिलेच आहे. संस्थानांनी खेळाडू नोकरीत ठेवले: सी. के. नायडू इंदूरला होळकरांच्या फौजेत, हजारे बडोद्याच्या सेवेत. १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी केली, तीही याच आश्रयाच्या बळावर. आश्रय देणारा राजा होता, म्हणून तो आश्रय सर्वांसाठी होता असे मी म्हणणार नाही. राजाची नजर जाईल त्यालाच तो मिळे. पण त्यासाठी एखाद्या ठरावीक शाळेचा दाखला लागत नव्हता. संस्थाने गेल्यावर रेल्वे, बँका आणि सरकारी कंपन्या यांनी खेळाडूंना नोकऱ्या देऊन ती जागा काही प्रमाणात भरून काढली. टीव्हीवरचे क्रिकेट तर येथे चहाच्या टपरीवरही चालू असते.

अलीकडची उदाहरणेही आपल्या शहरातीलच आहेत. इरफान आणि युसूफ पठाण यांचे वडील मशिदीत मुअज्जिन होते आणि ही मुले त्याच आवारात वाढली. कृणाल आणि हार्दिक पांड्या यांचे कुटुंब मुलांच्या खेळासाठी सुरतेहून बडोद्याला आले, आणि पैशाची ओढाताण असताना किरण मोरे यांच्या अकादमीने त्यांची फी माफ केली. त्या चौघांना ओळखणारा कोणी तरी जाणकार योग्य वयात भेटला आणि त्याने त्यांना सरावाच्या जाळीत घेतले; घराची ऐपत त्यात आड आली नाही.

तरीही आपल्या ओळखीचे लोक अगदीच चुकीचे बोलत आहेत असे मला म्हणता येत नाही. चांगल्या इंग्लिश विलो बॅटची किंमत आज एखाद्या कुटुंबाच्या महिन्याच्या किराण्याहून अधिक होते. मॅटवर खेळणारा मुलगा आणि गवताच्या खेळपट्टीवर खेळणारा मुलगा यांच्यात चौदाव्या वर्षापर्यंत मोठे अंतर पडते. इंग्लंडमध्ये जे झाले ते एका दिवसात झाले नाही. सरकारी शाळांची मैदाने एकेक करून गेली, आणि ज्यांच्याकडे उरली त्यांच्याकडे खेळ गेला. आपल्या शहरातील पालिकेच्या आणि जुन्या शाळांच्या पटांगणांकडे पाहिले की मला ही गोष्ट आठवते.

आपल्या मुलापुरते विचाराल तर केवळ क्रिकेटसाठी शाळा बदलण्याची घाई करू नये. सध्याच्या प्रशिक्षकांना दोन गोष्टी सरळ विचाराव्यात: आठवड्यातून किती वेळा त्याला गवताच्या खेळपट्टीवर फलंदाजी मिळते, आणि वर्षात तो पूर्ण सामने किती खेळतो. उत्तर समाधानकारक नसेल तर आधी दुसरी अकादमी पाहावी, शाळा नंतर. आणि तरीही त्या नव्या शाळेचा विचार करायचाच असेल, तर तिचे माहितीपत्रक बाजूला ठेवून एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी पाच वाजता तिच्या मैदानावर जाऊन यावे. गवताची खेळपट्टी माहितीपत्रकात छापलेली असते. पाहुणे आले नसतील त्या दिवशी तिच्यावर मुले खेळत असतात की दोरी बांधलेली असते, हे तेथे उभे राहिल्यावरच दिसते.